कायरेनियाचे गलबत : अवशेष आणि कथानक

ग्रीक साहित्यातील नौकाभंग बहुधा नायकाच्या वाट्याला येतो. ‘ओडिसी’मध्ये गलबत फुटते ते ओडिसियस एकटा उरावा म्हणून, बुडालेल्या खलाशांपाशी कथन फार काळ थांबत नाही. सायप्रसच्या उत्तर किनाऱ्यालगत, कायरेनियापासून मैलभराच्या आत, सुमारे ३० मीटर खोलीवर १९६५ मध्ये आंद्रेआस कारिओलू या पाणबुड्याला दिसलेल्या अवशेषांनी मात्र अशाच अनाम खलाशांचा संसार पुढे आणला.

मायकेल कॅट्झेव यांनी १९६८-६९ मध्ये तेथे उत्खनन केले. गलबताची लांबी जेमतेम १४ मीटर. त्यात सुमारे ४०० कुंभ, बहुतेक ऱ्होड्सचे. २९ जात्यांचे दगड. ९,००० हून अधिक बदाम. पेले चार, लाकडी चमचे चार, तेलाच्या सुरया चार, मिठाच्या वाट्याही चारच. यावरून खलाशी चौघे असावेत, हे अनुमान पटण्याजोगे आहे. चूल सापडली नाही. म्हणजे स्वयंपाक किनाऱ्यावर होत असावा. जाळ्यांची शिशाची वजने मात्र विपुल आहेत. तळाची डागडुजी पुन्हा पुन्हा झालेली, आणि अखेरीस त्यावर शिशाचा पत्रा मढवलेला. गलबत म्हातारे झाले होते, पण कामातून सुटले नव्हते.

अवशेषांत भाल्यांची लोखंडी पाती आढळली. नाणी अवघी सात, मौल्यवान वस्तू जवळपास नाहीतच. शिशाची एक घडी तांब्याच्या खिळ्याने आरपार टोचलेली होती. यांतून चाच्यांच्या हल्ल्याचे व शापविधीचे कथानक उभे राहिले. त्या काळी पूर्व भूमध्य समुद्रात चाचेगिरी खरोखरच होती, त्यामुळे ही शक्यता नाकारता येत नाही. तरीही तिच्या लोकप्रियतेला केवळ पुरावा कारणीभूत नसावा. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ग्रीक गद्य-प्रेमकथांमध्ये चाचे आले की कथेला वेग येतो. त्या कथांवर पोसलेल्या वाचकाला जुन्या फळ्यांचे सांधे लाटांत सुटले, एवढे कारण अपुरे वाटते. त्यात खलनायक नाही. शिवाय चार चमच्यांचे गरीब गलबत लुटारूंनी का हेरावे, हा प्रश्न उरतोच.

कालनिश्चितीचा भार पूर्वी मुख्यतः नाण्यांवर आणि मृत्पात्रांवर होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गलबताच्या लाकडाबरोबरच बदामांचेही किरणोत्सारी कार्बन-मापन विचारात घेतले गेले. त्यानुसार हे गलबत इसवी सनपूर्व २९६ ते २७१ या काळात बुडाले. बदाम त्याच्या अखेरच्या फेरीतले होते.