साखळी आणि किरण

मंडळी, आपला गुंठा आला कुठून? 33 फुटांच्या साखळीतून! तिचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. सपाटीवर ती ठीक चाले. पण जव्हार-मोखाड्याच्या उतारावर जमिनीलगत ओढली, की वरईचे वरकस रान कागदावर फुगायचे. म्हणून ती आडवी ताणून, ओळंबा सोडून, टप्प्याटप्प्याने खाली उतरावे लागे.

1948 साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच सुमारास तिकडे स्वीडनमध्ये बर्गस्ट्रँड प्रकाशाने अंतर मोजू लागला होता. आजचे टोटल स्टेशन तेच करते. किरण लोलकावरून परत आला, की तिरपे अंतर आणि कोन यांवरून आडवे अंतर काढते. ओळंबा नको, काही नको!

2006 च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला, प्रत्यक्ष ताब्यापुरता, फार तर 4 हेक्टरांचा हक्क दिला. हे वनपट्टे मोजायला हातातले जीपीएसही वापरतात. दाट झाडीत ते चार-पाच मीटर सहज चुकते, आणि गुंठ्याची बाजू जेमतेम दहा मीटर! तेव्हा मोजणीच्या दिवशी घरी बसू नका. प्रत्येक कोपऱ्यावर स्वतः उभे राहा, नि नकाशा गुरुजींकडून वाचून घ्या.