कीट्सची पत्रे : संग्रह, विक्री आणि साहित्येतिहासाची साधने

प्रस्तावना :

नामवंत साहित्यिकांची हस्तलिखित पत्रे व स्वाक्षऱ्या जमविण्याचा छंद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुशिक्षित वर्गात चांगलाच रुजला. साहित्येतिहासाच्या अभ्यासकांनी या छंदाकडे बहुधा कृतज्ञतेने पाहिले आहे. संग्राहक नसते तर कितीतरी कागद वाण्याच्या पुडीला लागले असते, हे खरेच आहे. परंतु संग्राहकाने काय राखले एवढेच न पाहता त्याने काय तोडले आणि काय झाकून ठेवले, याचाही विचार होणे आवश्यक आहे. जॉन कीट्स (१७९५–१८२१) या इंग्रज कवीच्या कागदपत्रांचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

स्नेह्यांची कात्री :

कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोम येथे क्षयाने मरण पावला, तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस होते. हयातीत त्याच्या काव्यसंग्रहांना ग्राहक फारसे लाभले नाहीत. कीर्ती वाढली ती मृत्यूनंतर, आणि तिच्याबरोबर त्याच्या हस्ताक्षराची मागणीही वाढली. ही मागणी प्रथम भागविली ती त्याच्या मित्रांनी. चार्ल्स काउडेन क्लार्क या बालमित्राने ‘आय स्टुड टिप-टो अपॉन अ लिटल हिल’ या कवितेच्या कच्च्या खर्ड्याचे तुकडे करून ते स्नेह्यांना आठवण म्हणून वाटले. कवीची अखेरच्या आजारात शुश्रूषा करणारा चित्रकार जोसेफ सेव्हर्न यानेही ‘इझाबेला’च्या खर्ड्याच्या पट्ट्या कापून वाटल्या. हे कृत्य लोभाचे नव्हते, निखळ प्रेमाचे होते. म्हणूनच ते अधिक खेदजनक वाटते.

खर्ड्याचे मोल कवीच्या अक्षरात नसते, तर खोडाखोडीच्या क्रमात असते. कोणता शब्द आधी सुचला, कोणता नंतर आला, कोणती ओळ कोठून उचलून कोठे नेली, हे सलग पानावरच कळते. बोटभर रुंदीच्या पट्टीवर ते कळत नाही. असा तुकडा पुरावा न राहता प्रसाद होतो. पुढील काळात संपादकांना ठिकठिकाणी विखुरलेले हे तुकडे शोधून जुळवीत बसावे लागले.

बेफिकीर नकलांनीही असेच नुकसान केले. कीट्सचा भाऊ जॉर्ज अमेरिकेत लुइव्हिल येथे स्थायिक झाला होता. १८४१ मध्ये त्याच्या निधनानंतर त्याच्या विधवेने जॉन जेफ्री याच्याशी विवाह केला. या जेफ्रीने १८४५ मध्ये चरित्रकार रिचर्ड मंक्टन मिल्न्स याच्यासाठी कीट्सच्या पत्रांच्या नकला केल्या. जेथे मूळ पत्र उपलब्ध आहे तेथे ताडून पाहता जेफ्रीने मजकूर न सांगता गाळल्याचे व शब्द बदलल्याचे आढळते. ‘निगेटिव्ह कॅपेबिलिटी’ ही इंग्रजीच्या प्रत्येक वर्गात शिकविली जाणारी संज्ञा डिसेंबर १८१७ च्या ज्या पत्रात येते, त्याचे मूळ गहाळ झाले असून केवळ जेफ्रीची नक्कल शिल्लक आहे. एवढ्या मोठ्या समीक्षाविचाराचा पाया एका निष्काळजी हाताच्या नकलेवर उभा आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

फॅनी ब्रॉनची पत्रे :

कीट्सने आपली वाग्दत्त वधू फॅनी ब्रॉन हिला लिहिलेली पत्रे तिने पुढे विवाह होऊनही १८६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत जपली. तिच्या पश्चात ती मुलांकडे आली. १८७८ मध्ये हॅरी बक्स्टन फॉर्मन याने ती छापली आणि २ मार्च १८८५ रोजी लंडनच्या सदबीज येथे ३५ पत्रांचा लिलाव झाला. एकूण रक्कम आली ५४३ पौंड १७ शिलिंग. ऑस्कर वाइल्डने या विक्रीचा धिक्कार करणारे सुनीत लिहिले. भावना म्हणून तो धिक्कार समजण्यासारखा आहे. तथापि ज्या वस्तूला किंमत येते ती सहसा कोणी फाडीत नाही, हेही नाकारता येत नाही. खाजगी संग्रहांतून फिरलेले यांपैकी एक पत्र मार्च २०११ मध्ये लंडनच्या लिलावात सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने ९६,००० पौंडांना घेतले आणि ते हॅम्पस्टेड येथील कीट्स हाउस या वास्तूत परत आणले.

परंतु छापून आलेला हा पत्रव्यवहार एकतर्फी होता. फॅनीने कीट्सला लिहिलेले एकही पत्र आज उपलब्ध नाही. अखेरची पत्रे तर त्याने उघडलीही नव्हती आणि त्याच्या इच्छेनुसार ती त्याच्याबरोबर पुरण्यात आली. एकाच बाजूची साक्ष ऐकून निकाल द्यावा तसे घडले. मत्सराने व आजाराने पोळलेल्या कवीची पत्रे वाचून व्हिक्टोरियन वाचकांनी फॅनीला उथळ व निष्ठुर ठरविले.

तिची बाजू मांडू शकणारी साधने नष्ट झालेली नव्हती, एका संग्राहकाच्या ताब्यात होती. कीट्सच्या मृत्यूच्या आधीपासून १८२४ पर्यंत फॅनीने त्याच्या बहिणीला, म्हणजे फॅनी कीट्सला, ३१ पत्रे लिहिली होती. ही बहीण पुढे स्पेनमध्ये राहिली. तिच्या कुटुंबाकडून ती पत्रे अमेरिकेतील प्रकाशक व छायाचित्रकार फ्रेड हॉलंड डे याच्याकडे गेली. डेने ती अनेक दशके बंद ठेवली. कीट्सचे विस्तृत चरित्र लिहिणाऱ्या एमी लोवेल या स्वतः मोठ्या संग्राहक होत्या; त्यांनाही त्यातील काही उतारेच मिळाले. कीट्सवर डेची भक्ती होती, याविषयी शंका नाही. मात्र साधनावरील मालकी म्हणजे ज्ञानावरील मालकी, असा समज त्याच्या वर्तनात दिसतो आणि तो आजही अनेक घराण्यांच्या दप्तरांबाबत अनुभवास येतो.

ही पत्रे अखेर १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतून समंजस, वाचनप्रिय आणि दुःख मूकपणे सोसणारी तरुणी समोर आली व फॅनीविषयीचे रूढ मत बदलावे लागले. लोवेल यांचे चरित्र १९२५ मध्ये निघाले होते आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. संपूर्ण पत्रे छापील स्वरूपात त्यांना पाहता आली नाहीत.