जुनी हॅट : आधी वाचा, मग वाफ द्या

'मॅकेनाज् गोल्ड' पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाच्या मनात अमेरिकेचा पश्चिम भाग रुंद काठाच्या हॅटशिवाय उभाच राहत नाही. पडद्यावर ही हॅट नायकाच्या रुबाबाचा भाग असली, तरी मुळात ते गुराख्याचे रोजच्या वापरातले साधन होते. उन्हात सावली, पावसात छत्री, शेकोटीला वारा घालायला पंखा आणि वेळप्रसंगी घोड्याला पाणी पाजायचे भांडे, अशी तिची अनेक कामे होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६०च्या दशकापर्यंत बनलेल्या अशा फेल्ट हॅट्स आज संग्राहकांच्या आकर्षणाचा विषय ठरल्या आहेत.

मात्र या छंदात नवख्याच्या हातून एक चूक हमखास घडते. चेपलेली, धुळकट हॅट घरी आली की तो लगेच किटली चुलीवर ठेवतो, वाफ देऊन माथ्याला हवा तसा आकार देतो, फाटकी चामडी पट्टी उपटून नवी लावतो. हॅट देखणी होते, पण तिचे वय सांगणारा पुरावा नष्ट झालेला असतो. आकार पुन्हा देता येतो. पट्टीमागची कागदी चिठ्ठी पुन्हा मिळत नाही. म्हणूनच हॅट आधी वाचावी आणि मगच घडवावी, हा या छंदाचा पहिला नियम होय. हा नियम केवळ इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, तर आरोग्यासाठीही पाळावा लागतो.

फिलाडेल्फियातील प्रारंभ

या हॅटचा इतिहास जॉन बी. स्टेटसन (१८३०-१९०६) या नावाभोवती फिरतो. न्यू जर्सीतील हॅट बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा प्रकृती खालावल्याने हवापालटासाठी पश्चिमेकडे गेला. तेथील ऊन, वारा आणि पाऊस यांचा अनुभव घेऊन परतल्यावर १८६५ मध्ये त्याने फिलाडेल्फियात व्यवसाय सुरू केला. 'बॉस ऑफ द प्लेन्स' हे त्याचे गाजलेले उत्पादन. सुमारे चार इंच उंचीचा गोल, घडीविरहित माथा आणि तेवढाच रुंद, सपाट काठ, असे तिचे साधे रूप होते.

या साधेपणातच पुढची विविधता दडलेली होती. माथा कोरा असल्याने तो कसा चेपायचा हे वापरणाराच ठरवी. कोणी मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा खोलगट घड्या घाली. ही 'कॅटलमन' घडी. कोणी चार बाजूंनी चार खळगे पाडून टोक काढी. ही 'मोंटाना पीक'. आपल्याकडे जुन्या छायाचित्रांतील बालवीरांच्या म्हणजेच स्काउटच्या डोक्यावर दिसते ती हॅट याच चार खळग्यांच्या प्रकारातली. थोडक्यात, माथ्यावरची मूळ घडी ही आधीच्या मालकाची सही असते. ती मोडण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवणे, हे संग्राहकाचे पहिले काम.

पुढे या व्यवसायात अनेक नावे आली. 'रेझिस्टॉल'ची सुरुवात १९२७ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे झाली. स्टेटसनचा फिलाडेल्फियातील कारखाना मात्र १९७१ मध्ये बंद पडला. त्यानंतर हे नाव परवान्याने अन्य उत्पादकांकडे गेले. त्यामुळे 'फिलाडेल्फियाची स्टेटसन' हे शब्द संग्राहकांच्या तोंडी विशेष आदराने येतात.

फेल्ट म्हणजे काय?

फेल्ट विणलेले नसते. बीव्हर, ससा, न्यूट्रिया अशा प्राण्यांच्या अंगावरील मऊ अंतर्लोमाचे केस सूक्ष्म खवल्यांमुळे एकमेकांत अडकतात. छिद्रे पाडलेल्या शंकूवर हे केस हवेच्या ओढीने चिकटवले जातात, मग गरम पाणी आणि दाब यांच्या साह्याने तो मोठा, नाजूक शंकू आक्रसत घट्ट होत जातो. अशी हॅट हाताला मखमलीसारखी लागते आणि पाऊस झटकून टाकते. लोकरीचे फेल्ट स्वस्त, पण खरखरीत असते. भिजले की ते आकसते आणि आकार सोडते. जुन्या बाजारात दोन्ही मिळतात. बोटांना हा फरक कळू लागला की निम्मी फसगत टळते.

फेल्ट ताठ राहावे म्हणून त्यात शेलॅक मुरवतात. शेलॅक म्हणजे आपली लाख. बांगड्या आणि मोहोरबंद पाकिटे यांमुळे परिचित असलेला हा पदार्थ भारताच्या जंगलांतून जगभर जात असे. अमेरिकी गुराख्याच्या हॅटचा ताठपणा बऱ्याच अंशी भारतीय लाखेवर अवलंबून होता, ही बाब फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. लाख उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर पुन्हा कडक बनते. हॅटला आकार देण्याचे सारे तंत्र या एका गुणधर्मावर उभे आहे.

पट्टीमागचा दाखला

हॅटच्या आतल्या कडेने कपाळाला टेकणारी चामडी पट्टी असते. ती हलक्या हाताने बाहेर वळवली की तिच्या मागे क्रमांक असलेली लहान कागदी चिठ्ठी आणि कामगार संघटनेचे लेबल सापडण्याची शक्यता असते. काळ ठरवण्यासाठी हे लेबल अत्यंत उपयुक्त आहे. 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' ही संघटना १८९६ मध्ये स्थापन झाली आणि १९३४ मध्ये विलीनीकरणातून 'युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स' ही नवी संघटना अस्तित्वात आली. ती १९८३ पर्यंत टिकली. साहजिकच पहिले नाव असेल तर हॅट बहुधा १९३४ पूर्वीची; दुसरे नाव असेल तर नंतरची.

याहून नेमका पुरावा म्हणजे 'नॅशनल रिकव्हरी ॲडमिनिस्ट्रेशन'चे गरुडचिन्ह. महामंदीच्या काळात १९३३ मध्ये सुरू झालेली ही योजना मे १९३५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे असे लेबल मिळाले की हॅटचा काळ जेमतेम दोन वर्षांच्या टप्प्यात येतो.

दुकानदाराचा पत्ताही बोलका असतो. मोठ्या शहरांच्या पत्त्यात एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर तो १९४३ नंतरचा. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ किंवा त्यापुढचा. मात्र येथे एक विवेक ठेवावा. अशी खूण 'असणे' हा पुरावा होतो. 'नसणे' हा नव्हे. एका खुणेवर विसंबून निकाल देऊ नये. लेबल, अस्तर, शिलाई, फितीची रुंदी आणि खोका यांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे.

दिशाभूल करणाऱ्या खुणा

पट्टीवर छापलेल्या 'एक्स' या अक्षरांच्या संख्येला नवखे ग्राहक भुलतात. ३ एक्सपेक्षा १० एक्स चांगली, असा सरळ हिशेब ते करतात. एकाच उत्पादकाच्या एकाच काळातील मालापुरता तो खरा असतो. पण या मोजमापाला सर्व उत्पादकांना बांधणारे प्रमाण नाही आणि दशकागणिक आकडे फुगत गेले. जुन्या काळातील कमी एक्सची हॅट आजच्या अधिक एक्सच्या हॅटपेक्षा सरस निघणे मुळीच दुर्मीळ नाही.

स्टेटसनच्या अस्तरावरील चित्रही असेच फसवे आहे. हॅटमधून घोड्याला पाणी पाजणारा गुराखी हे चित्रकार लॉन मेगार्जी याचे चित्र जुन्या हॅट्समध्ये आढळते, तसेच नव्या हॅट्समध्येही. केवळ ते दिसले म्हणून हॅट जुनी ठरत नाही.

तिसरा धोका जोडकामाचा. सामान्य हॅटमध्ये नामांकित कंपनीची पट्टी व अस्तर बसवून ती विकली जाते. पट्टीच्या टाक्यांपाशी आधीच्या सुईची रिकामी छिद्रे दिसली, तर पट्टी बदलली आहे असे समजावे. बदल दुरुस्तीसाठी झाला असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु तो सांगून विकला पाहिजे.

मापाचाही विचार हवा. अमेरिकी क्रमांक म्हणजे डोक्याचा इंचातील घेर भागिले ३.१४. घेर ५८ सेंटिमीटर असेल तर क्रमांक सव्वासात येतो. जुन्या हॅट्समध्ये मोठी मापे कमी आढळतात आणि वापरण्यासाठी घेणारे त्यांच्याच शोधात असतात. त्यामुळे साडेसात किंवा त्यावरील मापाला अधिक किंमत मोजावी लागते.

पाऱ्याचा प्रश्न

वय आधी ठरवण्याचे सर्वांत गंभीर कारण येथे येते. प्राण्यांचे केस एकमेकांत चांगले गुंतावेत म्हणून पूर्वी कातड्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण लावत. त्याने केसांची टोके नारिंगी होत, म्हणून या प्रक्रियेला गाजरावरून 'कॅरटिंग' हे नाव पडले. त्या वाफा श्वासावाटे घेणाऱ्या कारागिरांचे हात कापू लागत, स्वभाव बदले, बोलणे अडखळे. कनेटिकटमधील डॅनबरी या हॅटनगरीत या विकाराला 'डॅनबरीचा थरकाप' म्हणत. 'हॅटवाल्यासारखा वेडा' हा इंग्रजी वाक्प्रचारही अनेकजण याच आजाराशी जोडतात. अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर डिसेंबर १९४१ मध्ये थांबवण्यात आला.

कारागीर गेले, पण पारा हॅटमध्ये राहिला. संग्रहालयांतील अनेक जुन्या फेल्ट हॅट्समध्ये तो आढळला आहे. उष्णतेने तो हवेत मिसळू शकतो. म्हणून १९४१ पूर्वीची किंवा काळ निश्चित न झालेली हॅट बंद स्वयंपाकघरात किटलीवर धरू नये. तिला वाफ न देता आहे तशी जपावी, हाताळल्यावर हात धुवावेत आणि मुलांना खेळायला देऊ नये. पट्टीमागची चिठ्ठी वाचण्याचे महत्त्व येथे लक्षात यावे.

वाफेचे तंत्र

नंतरच्या काळातील हॅटला आकार देणे घरीही शक्य आहे. प्रथम मऊ ब्रशने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धूळ झाडावी. गडद आणि फिक्या रंगांसाठी ब्रश वेगळे ठेवावेत. बाहेरच्या फितीची गाठ बहुधा डाव्या बाजूस असते, त्यावरून पुढची बाजू ओळखावी. मग चामडी पट्टी बाहेर वळवावी, कारण वाफ लागली की जुने चामडे आकसते आणि तडकते.

किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हॅट फिरती ठेवावी. फेल्ट गरम व मऊ झाले की वाफेतून काढून बोटांनी घडी घालावी आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवावी. आकार वाफेत नव्हे, थंड होताना पक्का होतो. घाई करून फेल्ट ओलेचिंब करणे ही नेहमीची चूक. एका वेळी थोडीच जागा घ्यावी. मनाजोगते न झाल्यास पुन्हा वाफ देता येते. काठ विरलेला, चामडे ठिसूळ किंवा फेल्टला कसरीची छिद्रे असतील, तर काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

जतन

हॅट काठावर ठेवली की काठ सपाट होतो. म्हणून ती उलटी, माथ्यावर ठेवावी. उचलताना माथ्याला चिमटीत धरू नये. तेथेच पुढे चीर पडते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत हॅट राहिली तर चामडे आकसून तिचे माप घटते. कसरीच्या अळ्यांना फेल्ट प्रिय असल्याने वर्षातून काही वेळा खोका उघडून तपासणी करावी. आपल्याकडील दमट पावसाळ्यात बुरशीचा धोका अधिक असतो. अशा वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवा खेळणारा पुठ्ठ्याचा खोका बरा.

प्रत्येक हॅटसोबत एक साधी नोंद ठेवावी. कोठे मिळाली, लेबलावर काय होते, मूळ घडी कशी होती आणि आपण काय बदलले, एवढे चार मुद्दे पुरेत. आज ना उद्या ही हॅट दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल. तेव्हा ती केवळ देखणी असून भागणार नाही. तिचा इतिहास आणि तिच्यातील धोका, दोन्ही पुढच्या माणसाला ठाऊक असायला हवेत.