कुंडल रोड ते मोबाईलचा नकाशा



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. विषय साधा होता. मोबाईलवर कुणी हळद किंवा शेवया शोधल्या तर आपला गट दिसावा म्हणून नोंद करायची होती. अडलं ते एका रकान्यावर: फोन नंबर कुणाचा टाकायचा? अध्यक्षताईंचा टाकला तर रात्री-अपरात्री कुणीही फोन करणार. त्यांच्या मालकांचा टाकला तर गिऱ्हाईक समजणार धंदा त्यांचाच. दीड तास गेला, चहा दोनदा झाला आणि रकाना रिकामाच राहिला. घरी जाताना आमच्या मनात आलं, नाव-पत्ता चारचौघांत मांडण्याचा हा खटाटोप आपल्या भागात नवा थोडाच आहे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं. साल १९१०. सगळीकडे निवडुंग आणि साप. तिथं लोखंडी नांगर तयार होऊ लागले, पण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला माल पडून राहायचा. वस्तू चांगली असून भागत नव्हतं, ती कुठं मिळते आणि तिच्यावर भरवसा का ठेवायचा हे लोकांना कळायला हवं होतं. पुढं स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात, तिकिटावर, फलाटावरच्या पाटीवर कारखान्याचं नाव आलं. आजच्या भाषेत ही नोंदच की! पुण्याहून मिरजेकडं जाणारा माणूस नांगर घेवो न घेवो, नाव वाचतच होता.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत न्यायला सुरू झालेलं ते पत्र पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी गेलं, आणि १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं. नांगराच्या जाहिरातीच्या पोटी बायकांचं मासिक जन्मलं, याचं आम्हाला फार नवल वाटतं.

कराडजवळच्या ओगलेवाडीचंही तसंच. काचकारखान्यामुळं गावाला नाव मिळालं आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरात टांगला गेला. आमच्या आज्ज्या ‘कंदील आण’ न म्हणता ‘प्रभाकर आण’ म्हणायच्या.

मिरजेची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथं फरीदसाहेब सतारमेकरांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. मूळ घराणं शिकलगारांचं, हत्यारं करणारं. ना पाटी, ना छापील पत्रक. गवयानं तंबोरा छेडला की ऐकणारा विचारायचा, कुठला? उत्तर यायचं, मिरजेचा. इतकी वर्षं तोंडोतोंडी चाललेल्या त्या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळालं होतं.

पत्त्याचीही गंमत आहे. सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ होता. म्हणजे पाकिटावर जिल्हा बदलला, माणसं तिथंच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. साताऱ्याला ४१५००१ मिळाला, सांगलीला ४१६४१६. सांगलीकरांना तो पाठ करायला सोपा. गावाला अजूनही घरनंबर नसतो. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहायचं, उरलेलं पोस्टमनकाकांना माहीत.

फोनच्या यादीचा इतिहास त्याहून जुना. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात १८७८ मध्ये पहिली यादी निघाली. एकच कागद, पन्नास नावं आणि नंबर एकही नाही! जोडून देणाऱ्या माणसाला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. आपल्याकडं आमच्या लहानपणापर्यंत दुकानाच्या कार्डावर नंबरापुढं ‘पी.पी.’ असायचं. फोन शेजाऱ्याचा, निरोप आपला. विचार केला तर कित्येक बायकांचे धंदे अजून ‘पी.पी.’वरच चालतात. शेजाऱ्याच्या जागी नवरा किंवा मुलगा आहे, एवढाच फरक.

१९९६ मध्ये मुंबईत जस्टडायल सुरू झालं. एक नंबर फिरवा आणि प्लंबर हवा की केटरर ते विचारा. त्याच साली इंडियामार्टनं व्यापाऱ्यांच्या नोंदी इंटरनेटवर घ्यायला सुरुवात केली. गूगलनं २००५ मध्ये दुकानदारांना फुकट नोंद करायची सोय दिली. २०१४ मध्ये तिचं नाव ‘गूगल माय बिझनेस’ झालं, २०२१ मध्ये ‘बिझनेस प्रोफाइल’. आमच्या गावापर्यंत हे पोचलं ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर.

खरं सांगायचं तर आमच्या गटाची नोंद आधी एकदा झालेली होती. एका ताईंच्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं करून दिली, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरानं. मग तो नोकरीला लागला, नंबर बदलला, ईमेलचा पासवर्ड विसरला. पुढच्या दिवाळीला एक गिऱ्हाईक थेट दारात आलं आणि म्हणालं, ‘चार दिवस फोन लावतोय, बंद लागतोय, शेवटी विचारत विचारत आलो.’ हे एक आलं. न आलेले किती, कोण मोजणार? आमच्या ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. वीस किलो शेवया शिल्लक होत्या.

भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही. नोंद आपली आणि किल्ली दुसऱ्याकडं, ही चूक आमचीच. पुढं नोंदीवर आपला हक्क सांगणारा अर्ज केला, भाच्यानं जुना ईमेल कसाबसा उघडून होकार दिला आणि ती परत मिळाली.

मधल्या काळात एक फोनही आला होता. ‘तुमची नोंद रद्द होणार आहे, पडताळणीचे पैसे भरा.’ भरणारच होतो. बँकेतल्या मॅडमनी अडवलं. गूगलची ही नोंद आणि तिची पडताळणी दोन्ही फुकट असतात, एवढं तरी लक्षात ठेवा. ओटीपी कुणालाही सांगू नका.

आता काय बदललं ते सांगतो. गटाचं नाव पाकिटावर, बँकेच्या पासबुकात आणि नोंदीत अक्षर न अक्षर एकच ठेवलंय. आधी कुठं ‘महिला बचत गट’ होतं, कुठं ‘म. ब. गट’, आणि इंग्रजीत स्पेलिंग तीन तऱ्हेचं. नोंदीच्या माहितीत ‘हळद’ही लिहिलं आणि ‘हळदी’ही, कारण पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक कसं शोधेल सांगता येत नाही. फोटो आमच्याच गिरणीचे आणि वाळवणाचे टाकलेत. नातेवाइकांना सांगून चांगले शेरे लिहून घ्यायची सूचनाही आली होती, ती आम्ही बहुमतानं नाकारली. तसं करायला मनाई आहे, आणि गावात कोण कुणाचं हे लपत नाही.

घरचा पत्ता नकाशावर दाखवायचा नाही, फक्त कुठल्या भागात माल पोचवतो तेवढं सांगायचं, अशीही सोय नोंदीत असते. पाकिटावर पत्ता छापावा लागतोच, पण निदान नकाशावरून कुणी थेट उंबऱ्यापर्यंत येणार नाही. आमच्यातल्या दोघी घरी एकट्याच असतात, त्यांनी हे ऐकून सुस्कारा सोडला.

आणि तो रकाना? गटाच्या पैशातून एक साधा मोबाईल आणि गटाचं वेगळं सिम घेतलं. दर सोमवारी तो पुढच्या ताईकडं जातो, सोबत वही आणि चार्जर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालू, नंतर बंद, आणि नोंदीतही तीच वेळ लिहिली आहे. पहिल्या आठवड्यात तो आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींकडं होता. मोबाईल वाजला की त्या आधी पदर सारखा करतात आणि मग मोठ्यानं गटाचं पूर्ण नाव सांगतात. परवा पलीकडून कुणीतरी विचारलं, ‘मालकांना द्या.’ मावशी म्हणाल्या, ‘बोला की, मालकीणच बोलतीय.’