बंदुकीची लाकडी पेटी आणि शस्त्रबंदीचा इतिहास : अंजनगाव सुर्जी ते नाशिक (१८०३–१९१०)

प्रस्तावना

तलवार, तोफ आणि बंदूक यांना इतिहासलेखनात नेहमीच मानाचे स्थान मिळाले आहे. लढायांची वर्णने, गडांवरील तोफांच्या याद्या आणि वस्तुसंग्रहालयांतील शस्त्रदालने ही त्याची साक्ष होय. तथापि शस्त्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी जी साधी लाकडी पेटी वापरली गेली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ही पेटी सुताराच्या हातची वस्तू होती. तिला ना शौर्याचे वलय होते, ना राजमुद्रेचा मान. परंतु शस्त्र उघडपणे बाळगण्याचा आणि प्रवासात नेण्याचा अधिकार कोणाला होता व कोणाला नाकारला गेला, हे या पेटीच्या रचनेवरून जितके स्पष्ट होते तितके प्रत्यक्ष शस्त्रावरून होत नाही. प्रस्तुत लेखात अंजनगाव सुर्जी येथील १८०३ च्या तहापासून नाशिक येथील १९०९ च्या घटनेपर्यंतच्या कालखंडाचा या दृष्टीने विचार केला आहे.

अंजनगाव सुर्जीचा तह आणि शस्त्रनिर्मितीवरील नियंत्रण

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहानूर नदीच्या काठी वसलेले अंजनगाव सुर्जी हे आज नागवेलीचे पानमळे आणि देवनाथ मठ यांमुळे परिचित आहे. इतिहासात मात्र त्याचे नाव दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील तहाशी जोडले गेले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांशी तह झाला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या वतीने अंजनगाव सुर्जी येथे तह करण्यात आला. इंग्रजांच्या बाजूने त्यावर आर्थर वेलस्ली यांनी सही केली.

या तहाचा विचार सामान्यतः गमावलेल्या प्रदेशाच्या अंगाने केला जातो. गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच व अहमदनगर हे त्यातील ठळक प्रदेश होत. परंतु शस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने दोन बाबी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे आग्रा. महादजी शिंद्यांच्या काळात द बॉयन याने उभारलेल्या कवायती फौजेसाठी तेथे तोफा व बंदुका तयार होत असत. सँगस्टर नावाचा स्कॉटिश ओतारी ते काम पाहत असे. आग्रा गेल्यामुळे शिंद्यांचे शस्त्रनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र हातचे गेले. दुसरी बाब म्हणजे इंग्रजांशी युद्धस्थितीत असलेल्या युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनांना नोकरीत न ठेवण्याचे कलम. या कलमाचा रोख फ्रेंच अधिकाऱ्यांवर, म्हणजेच त्यांच्या लष्करी ज्ञानावर होता. अशा रीतीने या तहाने एका सत्तेकडून शस्त्र तयार करण्याची साधने व त्यामागील विद्या दोन्ही काढून घेतली. पुढे पाऊण शतकाने हेच नियंत्रण व्यक्तीच्या घरापर्यंत पोहोचले.

पलटणीची पेटी आणि साहेबाची पेटी

१८०३ च्या मोहिमेत शस्त्रांची वाहतूक हाच यशाचा पाया होता. गाविलगडाच्या उत्तर बाजूस अवजड तोफा नेण्यासाठी स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरातून वाट काढावी लागली. कंपनीच्या शिपायांकडील ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळीच ३९ इंच लांब होती. दस्त्यासह ती साडेचार फुटांपेक्षा अधिक भरत असे. अशी बंदूक शिपाई खांद्यावरून नेई. शिल्लक बंदुका न्यायच्या झाल्यास तेवढ्याच लांबीच्या जड पेट्या लागत. ही पेटी सरकारी असे व तिच्यावर कोणा एका व्यक्तीचा हक्क नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकीची रचना बदलली. मागून काडतूस भरण्याच्या दुनळी बंदुकीची नळी दस्त्यापासून सहज वेगळी होऊ लागली. त्यामुळे तीस इंची नळीची बंदूक नळीपेक्षा किंचित लांब पेटीत दोन भागांत मावू लागली. वैयक्तिक प्रवासी पेटीचा खरा प्रसार येथून झाला. इंग्लंडमधील कारागीर ओकच्या लाकडाची पेटी करून तिच्यात सरळ फळ्यांचे कप्पे पाडत. युरोप खंडात शस्त्राच्या आकाराबरहुकूम खोबण कोरण्याची पद्धत अधिक रूढ होती. आत बनात, बाहेर चामडे किंवा पितळी कोपरे आणि झाकणावर मालकाच्या नावाची पट्टी, असे तिचे स्वरूप असे.

१८५३ पासून वऱ्हाड इंग्रजी प्रशासनाखाली आले. चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित झाले आणि मेळघाटचे जंगल शिकारीसाठी प्रसिद्धीस आले. जेम्स फोर्सिथ यांच्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील १८७१ च्या ग्रंथावरून त्या काळातील शिकारी प्रवासाची कल्पना येते. रेल्वेने, नंतर बैलगाडीने व शेवटी घोड्यावरून अशा प्रवासात बंदुकीला सर्वाधिक धोका हादऱ्यांचा व ओलाव्याचा असे. पेटी ही त्या प्रवासाची गरज होती.

याउलट पायथ्याच्या गावांतील शेतकऱ्याकडे बंदूक असलीच, तर ती तोंडाकडून दारू भरण्याची, म्हणजे ठासणीची असे. रानडुकरांपासून पीक राखणे हा तिचा उपयोग. ती दुनळीसारखी सहज दोन भागांत सुटत नसे आणि फारशी प्रवासालाही जात नसे. तिची जागा भिंतीवरील खुंटीवर होती. खुंटी आणि पेटी यांतील हा फरक म्हणजे केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. त्यामागे दोन सामाजिक स्तर उभे आहेत.

सुताराच्या दृष्टीने पेटी

घरी किंवा गावच्या सुताराकडून अशी पेटी करून घ्यायची झाल्यास वऱ्हाडात साहित्याची वाण नव्हती. मेळघाटातील सागवान टिकाऊ, वाळवीला दाद न देणारे आणि ऋतुमानाप्रमाणे कमी हलणारे लाकूड आहे. बंडी, दमणी, पेटारे व दारे-खिडक्या करणाऱ्या सुताराला लागणारे कौशल्य येथेही पुरेसे होते. मात्र काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागत.

पहिली गोष्ट लाकूड पूर्ण वाळलेले असण्याची. ओल्या लाकडाची पेटी वाळताना पिळवटते व झाकण बसत नाही. दुसरी गोष्ट सांध्यांची. चारही कोपरे नुसत्या खिळ्यांवर न सोडता पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत बसवून जोडल्यास उचलताना येणारा ताण सांधा स्वतः सहन करतो. तिसरी गोष्ट तळाची. तळाची फळी घट्ट ठोकली, तर पावसाळ्यात फुगून ती बाजूच्या फळ्या उकलते. म्हणून बाजूंना आतून खाच पाडून तळ त्या खाचेत मोकळा सरकवला जातो. चौथी गोष्ट आतील आधाराची. नळी व दस्ता यांना बनातीने मढवलेल्या आडव्या पट्ट्यांवर असे टेकवावे लागते की पेटी उलटली तरी धातू धातूला लागू नये.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. प्रवासात शस्त्राचे रक्षण करणारी पेटी दीर्घकाळच्या साठवणीत त्याचीच शत्रू ठरते. बंद पेटीत लाकडातून, विशेषतः ओकमधून, सुटणारी आम्ल वाफ साचते, कापडी अस्तर ओलावा धरून ठेवते आणि लोखंड गंजते. वस्तुसंग्रहालयशास्त्रात ही बाब सर्वमान्य आहे. म्हणजेच ही पेटी मुळात प्रवासाची वस्तू होती, आणि प्रवास करण्याचा अधिकार हाच पुढे कायद्याचा विषय झाला.

१८७८ चा कायदा : उघडी पेटी व परवाना

१८५७ च्या उठावानंतर शस्त्रांवरील निर्बंध कडक होत गेले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये झालेल्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, विकणे, आयात करणे व नेणे यांवर बंधने आली. या कायद्याखालील नियमांनी युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना परवान्यातून सूट दिली होती. परिणामी एकाच आगगाडीतून प्रवास करणाऱ्या दोन माणसांच्या दोन सारख्याच पेट्यांना कायदा वेगळी वागणूक देत असे. एकीच्या झाकणावरील नावाची पट्टी हाच जणू तिचा परवाना होता. दुसरीला कागद दाखवावा लागे.

हा भेद भारतीयांच्या मनाला झोंबला, तो शस्त्रांच्या हौसेमुळे नव्हे. प्रजेवर राज्यकर्त्यांचा विश्वास नाही, हे त्यातून जाहीर होत होते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड यांचा वध केला होता आणि लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. सनदशीर ठराव आणि गुप्त शस्त्र हे दोन मार्ग त्या वर्षी शेजारी शेजारी उभे राहिलेले दिसतात. पुढे अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्यावर कठोर टीका केली आणि १९३० च्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी समाविष्ट केली.

१९०९ : दुहेरी तळाची पेटी

या पार्श्वभूमीवर मराठी मुलखातील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रपेटीचा विचार करावा लागतो. लंडनमधील इंडिया हाऊस येथे असताना विनायक दामोदर सावरकर यांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मिळवली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकी म्हणून काम केलेले चतुर्भुज अमीन यांच्या सामानातील एका पेटीच्या खोट्या तळात ती दडवून १९०९ च्या प्रारंभी मुंबईस पाठविण्यात आली. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात या पेटीची नोंद आहे.

९ जून १९०९ रोजी गणेश उर्फ बाबाराव सावरकर यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. वापरलेले पिस्तूल त्या विसांपैकीच एक होते. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पिस्तुले पाठविण्याची कृती हाच पुढे सावरकरांवरील दुसऱ्या खटल्यातील गुन्ह्यास साहाय्य केल्याच्या आरोपाचा कणा ठरला आणि ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप सुनावली गेली.

साहेबाच्या पेटीशी या पेटीची तुलना उद्बोधक आहे. पहिल्या पेटीत शस्त्राला कप्पा, बनात व नाव असे. दुसऱ्या पेटीत शस्त्राला जागा होती ती तळाखाली, कपड्यांच्या ओझ्याआड. पहिली उघडून दाखवण्यासाठी बनवलेली, दुसरी उघडल्यावरही काही न दिसावे म्हणून. या फरकाचे कारण कायद्यात होते. ज्या समाजाला झाकण उघडण्याची मुभा नव्हती, त्यातील काहींनी तळाचा आश्रय घेतला. या मार्गाचे मूल्यमापन अभ्यासक वेगवेगळे करतात. त्यात एका अधिकाऱ्याचा व तीन तरुणांचा जीव गेला, ही वस्तुस्थिती मात्र कोणत्याही मूल्यमापनात नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष

पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रनियमांतील वांशिक भेद कागदावरून दूर करण्यात आला. स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या कलम १२ नुसार शस्त्रांच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाला आहे, तर कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारी प्रवासाचे युग संपले आणि मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. आज शस्त्रपेटी घेऊन उघडपणे प्रवास करणारा मराठी माणूस बहुधा नेमबाज खेळाडू असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९०९ मध्ये वीस पिस्तुले लपवून पाठवावी लागली, तर शतकानंतर एका मराठी तरुणाने रायफल सर्वांसमक्ष हाती घेतली.

पलटणीची पेटी सत्तेचे, साहेबाची पेटी विशेषाधिकाराचे आणि दुहेरी तळाची पेटी नाकारलेल्या अधिकाराचे रूप होय. तिन्ही पेट्यांना लागणारे सुतारकाम मूलतः एकच होते. बदलली ती पेटी बाळगणाऱ्याची कायद्यापुढील जागा. वऱ्हाडातील जुने वाडे, विश्रामगृहे व संस्थांच्या माळ्यांवर अशा पेट्या असतील, तर त्या केवळ जुने लाकूड म्हणून निकालात न काढता त्यांची मापे, सांधे, अस्तर व नावाच्या पट्ट्या यांची नोंद होणे आवश्यक आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम हाती घेता येण्याजोगे आहे.