फुकट मिळालेलं टिकतं कसं?



तुमच्या मुलाच्या किंवा नातीच्या दप्तरातलं शाळेचं पुस्तक काढून बघा. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. किराणा दुकानात पैसे देताना आपण मोबाइल धरतो, तसाच हा चौकोन. त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्यावर मोबाइल धरला की त्या धड्याची चित्रफीत, कवितेची चाल, सरावाचे प्रश्न असं काही ना काही उघडतं. त्याचे पैसे पडत नाहीत. गुरुजी आणि बाई वर्गात याचाच वापर करतात.

गटाच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "हे सगळं फुकट कसं काय? आणि आज आहे ते उद्या राहील का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण याचा मागचा इतिहास बघू. शिकवणाऱ्याच्या हाती फुकटची साधनं येण्याची गोष्ट मोबाइलच्या कितीतरी आधी सुरू झाली, आणि आपल्याकडे ती दोन बायकांनी पुढे नेली.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. लहान मुलांना शिकवण्याची माँटेसरी पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधनं महाग. पॉलिश केलेले लाकडी ठोकळे, मोजमापाचे मणी हे सारं शहरातल्या पैसेवाल्या घरांना परवडायचं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी इथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत कपाळ पांढरं झालं. पुढं त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या.

या दोघींनी विकतची साधनं बाजूला ठेवली. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे, माती, बांबू यांतून त्यांनी मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठं समजायला साधनं उभी केली. पुढं काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या जवळ. मुलं शाळेत येत नाहीत, तर पाड्यावरच्या अंगणात शाळा भरायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरायची. आज आपल्या गावात जी अंगणवाडी आहे, तिच्या नावामागे हे अंगण आहे.

या साधनांना पैसे लागत नव्हते आणि परवानगीही लागत नव्हती. एका बाईने बनवलेलं बघून दुसरी बाई तसंच बनवू शकत होती. चिंचोका हरवला तर चिंचेचं झाड जवळच होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढं ती पुन्हा येणार आहे.

आता दुसरा प्रयोग बघा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतात उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती. शाळकरी मुलांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असायचे, आणि प्राथमिक शाळेच्या हजारो शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही टीव्हीवरून दिलं गेलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर खेड्यातल्या शिक्षकापर्यंत आकाशातून काही पोचावं, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पण उपग्रह अमेरिकेचा होता, वर्षभरासाठी उसना आणलेला. वर्ष संपलं आणि तो परत दुसरीकडे वळवला गेला. आपल्या शास्त्रज्ञांना त्यातून खूप शिकायला मिळालं, देशाचे स्वतःचे उपग्रह पुढं आले. पण त्या गावांतल्या शिक्षकाच्या दृष्टीने पाहिलं तर जे आलं होतं ते निघून गेलं. उसन्या भांड्यात रोजचा स्वयंपाक होत नाही, तसंच हे.

तिसरी गोष्ट आपल्यातल्या चाळिशीच्या बायकांना आठवेल. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ पासून खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि त्यांतली शक्यतो एक बाई, शिवाय फळा, नकाशे, तक्ते, खेळणी, विज्ञानाची पेटी असं सारं द्यायचं ठरलं. एका शिक्षकावर चालणाऱ्या शाळेला दुसरा शिक्षक मिळणं ही मोठी गोष्ट होती. बाई शिक्षिका आली की मुलींना शाळेत धाडायला घरचे तयार व्हायचे. पण त्या पेटीचं काय झालं? कित्येक ठिकाणी ती कपाटात कुलपात राहिली. वस्तू तुटली तर भरपाई कोण देणार, या धास्तीने ती मुलांच्या हाती गेलीच नाही. साधन शाळेत पोचलं, पण मुलाच्या बोटांपर्यंत पोचलं नाही.

त्याच काळात मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात वेगळं काही चाललं होतं. तिथल्या सरकारी शाळांत १९७२ पासून विज्ञान प्रयोग करून शिकवायचा कार्यक्रम सुरू होता. अरविंद गुप्ता नावाचे इंजिनियर १९७८ मध्ये नोकरीतून रजा काढून तिथं गेले. सायकलच्या व्हॉल ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन बनवले. टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. २००२ मध्ये होशंगाबादचा कार्यक्रम सरकारने बंद केला. तरी काड्यांची खेळणी बंद पडली नाहीत, कारण ती कशी करायची हे पुस्तकांत आणि माणसांत उतरलेलं होतं. पुढं पुण्यात आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात काम करताना गुप्तांनी खेळण्यांच्या चित्रफिती आणि हजारो पुस्तकं इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवली. त्यांत मराठीही भरपूर आहे. कुठल्याही शाळेतली बाई ती उतरवून घेऊ शकते.

इथं तुम्ही म्हणाल, लेखकाची परवानगी लागत नाही का? लागते. पुस्तकावर, चित्रावर, गाण्यावर ते करणाऱ्याचा कायद्याने हक्क असतो. त्यामुळे बाईने चांगला धडा पाहिला तरी त्याच्या प्रती काढून वाटताना अडचण यायची. ही गाठ सोडवण्याचं काम २००१-२००२ च्या सुमारास झालं. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर सर्वांना मोफत देण्याचं जाहीर केलं. जुलै २००२ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक साधनं असं नाव मिळालं. आणि डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने आले. लिहिणारा स्वतःच आधी सांगून ठेवतो, "माझं नाव द्या आणि वापरा, भाषांतर करा, वाटा." आपण ज्वारीचं बियाणं शेजारणीला देताना म्हणतो ना, पेर आणि पुढच्या वर्षी दुसरीलाही दे, तसाच हा परवाना.

या परवान्यावर प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, स्टोरीवीव्हर सुरू केलं. चित्रांच्या गोष्टी तिथं मराठीसकट अनेक भाषांत आहेत. त्या वाचता येतात, छापता येतात, आणि आपल्या बोलीत भाषांतर करून घालताही येतात.

आता पुस्तकावरच्या चौकोनाकडे परत येऊ. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून धडे ऐकायची, बघायची सोय केली. पुढं राज्याच्या पुस्तकांवर असे कोड आले. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनी, केंद्र सरकारने दीक्षा हे व्यासपीठ सुरू केलं. बालभारतीची पुस्तकंही इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतात. डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्या साधनांची परीक्षा झाली. घरात एकच मोबाइल, तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हातात, आणि भांडी आवरून मुलगी येईपर्यंत बॅटरी संपलेली किंवा नेट संपलेलं. रेंजसाठी मुलं टेकडीवर, गच्चीवर बसलेली आपण सगळ्यांनी पाहिली. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली मालिका लागली, तिचा आधार झाला, कारण ती घर-अंगणातल्या वस्तूंतूनच धडा समजावत होती. चिंचोके पुन्हा कामाला आले.

तर सख्यांनो, धडा मोफत असला तरी मोबाइल, वीज आणि रिचार्ज मोफत नाही. तो खर्च कोणावर तरी पडतोच, आणि जिच्या वाट्याला तो सहज येत नाही, ती बहुतेक वेळा मुलगी असते.

यात आपल्याला बोलायचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या जागा महिलांच्या, असं लिहिलेलं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींची नावं त्या समितीत आहेत. मग पुढच्या सभेला नुसती सही करून उठू नका. विचारा : शाळेचा टीव्ही किंवा टॅब चालू आहे की कपाटात आहे? वीजबिल कोण भरतं? रेंज असते तिथं धडे उतरवून ठेवले, तर नंतर नेट नसतानाही दाखवता येतात, तसं केलं आहे का? मुलींच्या हातात ते किती वेळ येतं?

आणि घरी एक करा. आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाइल मुलीच्या हातात द्या, पुस्तकावरचा चौकोन तिला उघडू द्या, आणि आपणही शेजारी बसा. आपल्या आजीची एखादी गोष्ट बाईंना सांगा, त्या ती लिहून घेतील, वर्गात वाचतील. ताराबाई-अनुताईंनी पाड्यावरच्या बायकांच्या अंगणात शाळा भरवली होती. अंगण आजही आपलंच आहे.

पुन्हा भेटू. नमस्कार.