ओंडके ओढण्याची घसरगाडी

तोडलेल्या झाडाचे ओंडके जंगलातून रस्त्यापर्यंत ओढत नेण्याचे बिनचाकी साधन. ते बहुधा घरीच बनवतात : वर वळलेल्या टोकांच्या दोन लाकडी किंवा लोखंडी धावपट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि साखळी. ओंडक्याचे पुढचे टोक गाडीवर टेकवल्याने ते मातीत रुतत नाही. त्यामुळे ओढ कमी लागते आणि जमिनीची धूपही घटते. ओंडके जड असल्याने हे महत्त्वाचे ठरते : सुकलेल्या सागाचा एक घनमीटर सुमारे ६५० किलो भरतो. ओला त्याहून जड असतो. थंड, बर्फाळ प्रदेशांत अशी गाडी घोडे, ट्रॅक्टर किंवा चारचाकी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारे छोटे वाहन) ओढते. उतारावर साखळीऐवजी ताठ दांडा लावणे आवश्यक. अन्यथा ओझे वाहनावर आदळते.

महाराष्ट्रात मात्र ओंडके ओढण्याचे काम प्रामुख्याने बैलांनी, गाडीशिवाय केले. ओंडका साखळीने बांधून थेट जमिनीवरून ओढला जाई. गडचिरोली जिल्ह्यात हत्तीही वापरत. सिरोंचा वनविभागातील कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या परंपरेची आठवण आहे. जंगलाबाहेर शहरात मात्र ओंडके हलवण्याची पद्धत वेगळी आहे. पुणे शहरात लाकडाचा व्यापार भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये एकवटला. तेथे ओंडके ट्रकने येतात. वखारीत ते पहारीने सरकवतात.